महालक्ष्म्या या वर्षी बसवायच्या का, कुणाकडे आणि किती करायचं?

ताई, तुमच्या प्रश्नात चार प्रश्न एकात एक गुंतलेत. आधी ते सुटे करतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल.

मूळ घर परभणी जिल्ह्यातलं, महालक्ष्म्या (म्हणजे भाद्रपदातल्या ज्येष्ठागौरी) आजेसासऱ्यांच्या आधीपासून. सासूबाई माघात गेल्या. सासरे म्हणतात, वर्ष होईपर्यंत घरात काही नको. नांदेडच्या जाऊबाई म्हणतात, एकदा खंड पडला की महालक्ष्म्या पुन्हा घरात येत नाहीत. मुखवट्यांचा जोड एकच आणि भाऊ दोन. तुम्ही संभाजीनगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, नोकरी करून. सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी, फुलोरा (देवीपुढे टांगायचे तळणीचे पदार्थ), अकरा सवाष्णी हे सगळं सासूबाई करायच्या तसं होणार नाही, हे तुम्हाला दिसतंय. आणि यजमान विचारतात, ‘यातलं शास्त्रात किती आहे?’

शेवटचा प्रश्न चिडून विचारलेला वाटतो, पण खरा तोच आहे. आपण ‘परंपरा’ म्हणून जे गाठोडं उचलतो, त्यात तीन वेगवेगळ्या घरचा माल असतो. थोडा ग्रंथांचा, थोडा कुळाचा आणि बराचसा आधीच्या दोन-तीन पिढ्यांतल्या बायकांच्या हौसेचा, नवसाचा, ऐपतीचा. गाठोडं न सोडता उचललं तर ते पेलत नाही, आणि पेलत नाही म्हणून सगळंच खाली टाकलं जातं. पौरोहित्य करताना हे दोन्ही टोकांचे प्रकार सारखे दिसतात.

एक आधीच सांगतो. तुमचं कुळ, भावकी, घरातली रीत मला माहीत नाही. त्यामुळे काही ठिकाणी ‘असं करा’ म्हणेन, काही ठिकाणी ‘हे भावकीत विचारा’ एवढंच म्हणता येईल. कुलाचाराच्या बाबतीत दुसऱ्या घरचा भटजी शेवटचा शब्द देत असेल तर त्याच्यापासून जरा जपूनच राहावं.

ग्रंथांचा भाग अगदी आटोपशीर आहे. निर्णयग्रंथांत, म्हणजे कोणतं व्रत कधी आणि कसं करायचं हे ठरवणाऱ्या ग्रंथांत, वचन येतं: ‘मैत्रेणावाहयेद्देवीं ज्येष्ठायां तु प्रपूजयेत् । मूले विसर्जयेद्देवीं त्रिदिनं व्रतमुत्तमम् ॥’ मैत्र म्हणजे अनुराधा नक्षत्र, कारण त्याची देवता मित्र. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. तीन नक्षत्रं, तीन कामं. यात भाज्या नाहीत, साड्या नाहीत, फुलोरा नाही. व्रतांचा मोठा संग्रह करणारा हेमाद्री आपल्याच देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. आणि 1612 साली काशीत निर्णयसिंधु लिहिणाऱ्या कमलाकर भट्टांचं घराणं मूळचं पैठणचं. म्हणजे ‘शास्त्र’ म्हणून ज्यांचा धाक घालतात ती माणसं आपल्याच मातीतली. आणि त्यांनीच देशाचार आणि कुलाचार यांना निर्णयात जागा दिली आहे.

व्रत नक्षत्रावर असल्यामुळे त्याचा दिवस गणपतीपासून मोजता येत नाही. घरोघरी ‘गणपतीनंतर तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या’ असं म्हणतात, ते दर वर्षी जमत नाही. 2023 साली चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि आवाहन 21 ला, म्हणजे चतुर्थी धरून तिसऱ्या दिवशी. 2024 साली चतुर्थी 7 ला, आवाहन 10 ला: चौथ्या दिवशी. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला, आवाहन 31 ला: पाचव्या दिवशी. कारण सोपं आहे. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर. नक्षत्र म्हणजे चंद्राची आकाशातली जागा. चतुर्थी ऑगस्टात आली तर सूर्य अजून मागे असतो, त्यामुळे चतुर्थीचा चंद्रही मागे असतो आणि त्याला अनुराधेपर्यंत पोचायला जास्त दिवस लागतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आली तर चंद्र आधीच जवळ आलेला असतो. पंचांगात अनुराधा कधी संपते ती वेळ बघा आणि शक्यतो त्याच्या आत आवाहन करा. ऑफिसातून येऊन रात्री साडेआठला आवाहन आणि अनुराधा दुपारीच संपलेली, असं शहरात पुष्कळ होतं. अर्धा दिवस रजा टाकायचीच असेल तर ती आवाहनाला टाका; पूजनाला ज्येष्ठेचा बराच वेळ हाताशी असतो.

आता कुळाचा भाग. देवीचं रूप हा पूर्णपणे कुलाचाराचा विषय आहे. कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून आणलेल्या पाच किंवा सात खड्यांच्या गौरी असतात. कुठे तेरड्याची रोपं मुळासकट आणून त्यांची गौर करतात. कुणाकडे मडक्यांची उतरंड, कुणाकडे धान्याच्या राशीवर मुखवटा, कुणाकडे कागदावरचं चित्र. आपल्याकडे मराठवाड्यात उभ्या महालक्ष्म्या: ज्येष्ठा, कनिष्ठा आणि पुढे त्यांची बाळं, ज्यांना काही घरी पिलवंडं म्हणतात. त्या उभ्या राहतात कोठीवर. कोठी म्हणजे धान्य साठवायचीच वस्तू. पोटात गहू-ज्वारी, वर मुखवटा, अंगाला साडी. देवीचं अंग म्हणजे घरातलं धान्य, हा या रूपाचा सरळ अर्थ. ज्या घरात कोठीच्या जागी लोखंडी अडणी (स्टँड) आली आणि धान्य गेलं, तिथे रूप राहिलं आणि अर्थ गळाला. म्हणून अडणी वापरली तरी तिच्या पायाशी किलो-दोन किलो धान्य ठेवा, असं मी सांगतो. हा माझा आग्रह आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही.

याखेरीज कुळाचं म्हणून आणखी काय काय असू शकतं? पहिल्या दिवशीचा नैवेद्य (बहुतेक घरी भाजी-भाकरी, पण भाजी शेपूची की मेथीची हे घर ठरवतं), देवीचं तोंड कोणत्या दिशेला, ज्येष्ठा कोणत्या हाताला, दोरे कोणत्या दिवशी घ्यायचे, विसर्जनाला दहीभात की खीर-कानवले, आंबील लागते की नाही, आणि एखादा पदार्थ ‘आपल्यात चालत नाही’ तो कोणता.

एखादी रीत कुळाची की फक्त सासूबाईंची, हे ओळखायला मी लोकांना एक साधी पद्धत सांगतो. ती रीत तुमच्या चुलत-चुलत घरांत आहे का ते बघा. तीन पिढ्यांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन घरांत ती जशीच्या तशी सापडली तर ती वेगळं होण्याच्या आधीची आहे; ती कुळाची, ती धरून ठेवा. तुमच्या भावकीबरोबर गावातल्या दुसऱ्या आडनावांच्या घरातही सापडली तर तो देशाचार: त्या मुलखात सगळे करतात म्हणून करायचं, मुलूख सुटला की सैल होतो. आणि फक्त तुमच्याच घरात सापडली तर ती बहुधा कुणाची तरी हौस किंवा नवस. हौस आवडली तर ठेवावी. नवस ज्याचा त्याच्यापुरता असतो. ‘नातू झाला तर दर वर्षी अकरा सवाष्णी जेवू घालीन’ असं सासूबाई बोलल्या असतील तर त्यांनी तो फेडला. तुम्ही तोंडाने स्वीकारला नसेल तर तो तुमच्या डोक्यावर चढत नाही. तुमच्या अकरा सवाष्णींचा शोध आधी इथूनच घ्या. भावकीत बाकी सगळीकडे एक सवाष्ण आणि एक ब्राह्मण असेल तर अकराचा उगम कळला.

सोळा या आकड्याचं थोडं वेगळं आहे. भाद्रपद शुद्ध अष्टमीपासून वद्य अष्टमीपर्यंत सोळा दिवसांचं एक स्वतंत्र महालक्ष्मीव्रत आहे. त्यात सोळा पदरांचा, सोळा गाठींचा दोरा बांधतात. ज्येष्ठागौरीचे तीन दिवस आणि हे सोळा दिवस एकमेकांना इतके खेटून येतात की घराघरांत दोन्ही एक होऊन गेली. मग दोऱ्याचे सोळा भाज्यांना, दिव्यांना, पत्रींना लागले. दोऱ्याचे सोळा पदर आणि सोळा गाठी हे व्रताचं अंग, ते मोडू नका. त्याला खर्च नाही, वेळही पाऊण तासाचा. सोळा भाज्या हा त्या आकड्याचा मान आहे. मान कसाही राखता येतो, पुढे सांगतो.

आता या वर्षीचं. माघात मृत्यू झाला, दहा दिवसांचं अशौच केव्हाच सरलं. बाराव्याला सपिंडीकरण, म्हणजे गेलेल्या माणसाला पितरांत मिळवण्याचा विधी, झालेलं असेल (आपल्याकडे बहुतेक त्याच दिवशी उरकतात) तर भाद्रपदात कुलाचार करायला ग्रंथांची आडकाठी नाही. वर्षभर सण न करणं हा लोकाचार आहे, आणि तो निर्दय नाही, चांगला आहे. त्या घराला कुणी ‘गोड काय केलं?’ असं विचारत नाही, नटायला लावत नाही. म्हणून मी सांगत आलो ते असं: सण करू नका, कुलाचार करा. आवाहन, पूजन, विसर्जन होऊ द्या. फुलोरा नाही, आरास नाही, हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, नवी साडी नाही. पुरणाचा नैवेद्य घरच्यांपुरता, सवाष्ण एक. अनेक घरांत पहिल्या वर्षी असंच करतात.

पण सासऱ्यांना हेही नको असेल तर? तर या वर्षी राहू द्या. माणूस गेलेल्या घरातल्या ज्येष्ठाचं मन मोडून बसवलेल्या देवीपुढे कुणालाच नीट हात जोडता येत नाहीत. ऐन त्या तीन दिवसांत सुतक आलं तर त्या वर्षीचं पूजन सोडूनच देतात, दुसऱ्या महिन्यात ढकलत नाहीत, आणि पुढच्या वर्षी निमूट बसवतात. त्याला कुणी खंड म्हणत नाही. जाऊबाईंना हे उदाहरण द्या. खंड म्हणजे कारणाशिवाय, कंटाळ्याने किंवा भांडणाने सोडून देणं. तसं होऊन दहा-पंधरा वर्षं गेलेली घरंसुद्धा पुन्हा सुरू करतात: कुलदेवतेला जाऊन ओटी भरतात, ‘चुकलं, पुढे चालवतो’ म्हणतात आणि त्या भाद्रपदात बसवतात. तुमची कुलदेवता तुळजापूरची असो, माहूरची असो की अंबाजोगाईची, ही वाट सगळीकडे एकच. ‘पुन्हा येत नाहीत’ हे वाक्य मला कोणत्याही निर्णयग्रंथात सापडलेलं नाही. ते सापडतं ओसरीवर, आणि बहुधा नव्या सुनेच्या वाट्याला येतं.

भीतीचा एक तोटा असा की ती परंपरेत फक्त भर घालते, कमी काहीच करू देत नाही. एका पिढीने शेवयांची खीर वाढवली, दुसरीने हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या, तिसरीने विजेच्या माळांची आरास आणि फायबरचे हात. काढायला मात्र कुणी धजत नाही. पन्नास वर्षांनी ज्या सुनेच्या हातात हे येतं तिला ते सगळं सनातन वाटतं.

भावांच्या वाटणीचं ग्रंथांत अगदी स्वच्छ उत्तर आहे. बृहस्पतीचं वचन आहे: ‘एकपाकेन वसतां पितृदेवद्विजार्चनम् । एकं भवेद्विभक्तानां तदेव स्याद् गृहे गृहे ॥’ एका चुलीवर जेवणाऱ्यांचं पितर, देव, ब्राह्मण यांचं पूजन एक. चुली वेगळ्या झाल्या की तेच घरोघरी. परभणीकडच्या गावात सगळे जमत होतात तोवर एकच पूजा हे बरोबर होतं. आता तुमची चूल संभाजीनगरात, जाऊबाईंची नांदेडला. दोघींनी आपापल्या घरी बसवल्या तर काहीही चूक नाही. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे असंही चालतं. फक्त ज्या वर्षी त्यांच्याकडे, त्या वर्षी तुम्ही तिथे जाऊन जेवून या. फोनवर आरती ऐकणं मी त्यात धरत नाही.

मुखवट्यांचा जोड फोडू नका. ज्येष्ठा एकीकडे, कनिष्ठा दुसरीकडे, हे व्रताच्या रूपालाच सोडून आहे. जोड कुणाकडे तरी एकाकडे राहील. दुसऱ्याने नवा करावा. ‘जुन्यात देवपण आहे, नव्यात कुठून येणार?’ असं विचारतात. या व्रतात दर वर्षी आवाहन आणि दर वर्षी विसर्जन आहे. विसर्जनानंतर मुखवटा पेटीत जातो तेव्हा तो देवीचं आसन असतो, एवढंच. नव्या मुखवट्यातही अनुराधेवर आवाहन केलं की तीच देवी. नवे घेताना पितळी घेतले तर पुढच्या तीन पिढ्यांचा प्रश्न मिटतो. शाडूचे देखणे असतात पण नाकाचा शेंडा आधी जातो. रंग उडाला तर पुन्हा रंगवून घ्यावा, चीर गेली तर विसर्जन करून दुसरा करावा. दोन्ही मुखवटे दिसायला सारखे असतात, म्हणून आतल्या बाजूला ‘ज्ये’ आणि ‘क’ अशी खूण करून ठेवा. नाहीतर दर वर्षी वाद ठरलेला.

म्हणजे आतापर्यंत ठरलं ते एवढं: नक्षत्रं आणि तीन कामं न मोडणारी, रूप आणि ठरावीक नैवेद्य कुळाचा, उरलेलं झेपेल तसं, या वर्षी सासऱ्यांच्या मनाप्रमाणे, पुढच्या वर्षापासून दोन्ही घरी किंवा आळीपाळीने. आता प्रत्यक्ष करण्याचं बघू.

फ्लॅटमध्ये उभ्या महालक्ष्म्यांची खरी अडचण तोल ही असते. पत्र्याची कोठी दोन-अडीच फुटांची, तिच्यावर पितळी मुखवटा, गळ्यात दागिने, म्हणजे सगळं वजन वर. प्रत्येक कोठीत तळाशी चार-पाच किलो गहू किंवा ज्वारी घाला. धान्य कडक वाळलेलं हवं. भाद्रपदाच्या दमट हवेत बंद कोठीत ओलसर धान्याला तीन दिवसांत वास येतो. अडणी असेल तर तिच्या खालच्या कड्यावर धान्याची पिशवी टाकून बुड जड करा. साडी नेसवताना आधी कोठीच्या कमरेला सुतळीचे दोन वेढे घट्ट आवळून घ्या आणि निऱ्या त्यात खोचा. नुसत्या टाचण्यांवर नेसवलेली रेशमी साडी दुसऱ्या दिवशी दुपारी, नेमक्या आरतीच्या वेळी, घसरते. समई पदरापासून दोन फूट लांब. साड्या हल्ली बहुतेक कृत्रिम धाग्याच्या असतात, ठिणगी लागली तर विझवायला वेळ देत नाहीत. पंखा बंद. ठेवायची जागा अशी निवडा की तीन दिवस तिथून कुणाला ओलांडून जावं लागणार नाही. हॉलचा कोपरा चालतो, देवघरच हवं असं नाही.

पहिला दिवस. दारापासून बसायच्या जागेपर्यंत रांगोळीची किंवा कुंकवाची पावलं काढायची. दोघीजणी मुखवटे ताम्हणात किंवा सुपात घेऊन दारातून येतात, कुणीतरी थाळी वाजवतं. आतल्या विचारतात, ‘कोण आलं?’ ‘महालक्ष्मी आली.’ ‘कशाच्या पायी आली?’ ‘सोन्यारुप्याच्या, धनधान्याच्या, लेकराबाळांच्या पायी आली.’ मग तिला स्वयंपाकघर दाखवायचं, पिठाचा डबा, धान्य, कपाट. हे सगळं दहा मिनिटांचं आहे आणि पैशाचं नाही, आणि शहरात सगळ्यात आधी हेच गळतं, कारण लाजायला होतं. माझं मत विचाराल तर सोळा भाज्या सोडा पण हे सोडू नका. लिफ्टमधून आणताना थाळी वाजली तर शेजारी फार तर दार उघडून बघतील, आणि बहुतेक वेळा आत येऊन हळदकुंकू लावून जातील. रात्री भाजी-भाकरीचा नैवेद्य.

दुसरा दिवस पूजनाचा. षोडशोपचार पूजा येत नसेल तर पोथी समोर ठेवून सावकाश करा, चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. चार-पाच माणसांना अर्धा किलो हरभऱ्याची डाळ आणि तेवढाच गूळ पुरे, वीसेक पोळ्या होतात. डाळ शिजल्यावर कट पूर्ण निथळू द्या. घाईत राहिलेलं पाणी पुरणात उतरतं आणि पोळी तव्यावर फुटते. आटवताना उलथनं मध्ये उभं राहिलं की उतरवा. त्या कटाची आमटी. आंबील असेल तर एक वाटी ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवा, सकाळी मंद आचेवर सारखं ढवळत शिजवा. थांबलात तर गाठी होतात.

सोळा भाज्यांची एकच भाजी करा. प्रत्येकी पन्नास-साठ ग्रॅम धरल्या की किलोभर होते, एका पातेल्यात मावते. संभाजीनगरच्या बाजारात त्या दिवसांत मेथी, शेपू, पालक, चुका, अंबाडी, तांदुळजा, दोडका, पडवळ, गवार, भेंडी, चवळीच्या शेंगा, काशीफळ, दुधी, घोसाळी, कारलं, वांगं सगळं मिळतं, झाल्या सोळा. क्रम सांभाळा: गवार आणि शेंगा आधी, मग काशीफळ, दुधी, दोडका, पडवळ, घोसाळी, वांगं, पालेभाज्या शेवटी. भेंडी वेगळी परतून वरून घाला, नाहीतर सगळ्या भाजीला तार सुटते. कारल्याच्या दोनच चकत्या, मान राखण्यापुरत्या. ते वाढलं तर सोळांची चव एकट्या कारल्याची होते. (कोथिंबीर आणि कढीपत्ता धरून सोळा मोजणाऱ्या सुगरणी मी पाहिल्यात. देवीने हरकत घेतलेली दिसली नाही.)

तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रात उत्तरपूजा. हळदीत भिजवलेल्या सुताचे सोळा पदर, सोळा गाठी. गाठींमध्ये झेंडूचं पान, फूल, काशीफळाचं फूल, सुका मेवा, घरच्या रीतीप्रमाणे. कहाणी वाचायची, नैवेद्य, अक्षता वाहून ‘पुनरागमनाय च’ म्हणायचं आणि मुखवटे जागेवरून किंचित हलवायचे. मगच साड्या सोडायच्या. घाईच्या घरात सकाळी लवकर आवराआवर होते आणि अक्षता नंतर रिकाम्या पाटावर वाहिल्या जातात, तेवढं टाळा. कोठीतलं धान्य दुसऱ्या धान्यात मिसळून घरातच खायचं, विकायचं नाही.

त्या दिवसांत अडचण आली तर, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. रीत अशी की घरातल्या दुसऱ्या कुणी पूजा करावी. यजमानांनी केली तरी चालते, पुरुषांनी करू नये असं काही नाही. तुमच्या घरात हे कसं पाळायचं ते तुम्ही दोघं ठरवा. पण पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या केवळ यासाठी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. कुठल्याही कुलाचाराने हे मागितलेलं नाही. आणि घरात एखादी विधवा आत्या किंवा काकू असेल, जिने तीस-चाळीस वर्षं हे सगळं हाताने केलं, तिला नवरा गेला म्हणून त्या दिवशी स्वयंपाकघरात ठेवून द्यायचं, ही रीत मला कधीच पटलेली नाही. रीत सांगणारं घरात कुणी उरलं असेल तर बहुतेक तीच असते.

सासूबाईंच्या साड्या महालक्ष्म्यांना नेसवाव्यात का? माणसाने नेसलेलं वस्त्र देवाला नेसवत नाहीत. त्यांच्या कपाटात घडी न मोडलेल्या निघतील, त्यातल्या दोन बाजूला काढा. दर वर्षी महालक्ष्म्यांनाच नेसवायच्या म्हणून ठेवलेल्या जुन्या असतील तर त्या तर देवीच्याच आहेत, खुशाल वापरा.

या भाद्रपदात बसवा किंवा बसवू नका, एक काम मात्र आत्ताच करून घ्या. सासऱ्यांजवळ वही घेऊन बसा. ‘शास्त्र काय?’ असं विचारू नका, ते अडखळतील. असं विचारा: तुमच्या लहानपणी गावच्या वाड्यात महालक्ष्म्या कुठे बसायच्या, तोंड कुठे असायचं? पहिल्या रात्री जेवायला काय असायचं? तुमची आई दोरा कोणत्या दिवशी बांधायची आणि कधी सोडायची? सवाष्ण कुणाच्या घरची यायची? काय करायचं नाही असं ती सांगायची? पुरुषांनी पूजा केली नसली तरी त्यांनी ते जेवण साठ वर्षं जेवलेलं असतं, आणि जेवणाचा तपशील माणूस विसरत नाही. मग तेच प्रश्न गावाकडच्या चुलत सासूबाईंना विचारा आणि दोन्ही उत्तरं वहीत समोरासमोर लिहा. जुळतील त्या ओळींखाली रेघ मारा.

वहीची एक प्रत जाऊबाईंकडे पाठवा.